मुळशीचें पाणी आणि पुण्याचे रोखे

१. शके १८३२ म्हणजे इ. स. १९१० हें वर्ष मावळच्या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं ७ जुलै रोजीं विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. आणि त्याच वर्षीं मुंबईस टाटा हैड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी अस्तित्वांत आली. एका संस्थेची दृष्टि देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांवर होती, दुसरीची घाटमाथ्यावरील पावसाच्या पाण्यावर. दोन्ही कामें स्वदेशी अभिमानानें हातीं घेतलेलीं होतीं, आणि मावळ हें दोहोंचेंहि क्षेत्र होतें. पुढें अकराच वर्षांनीं मुळशी पेट्यांत पाण्याच्या कामाखालीं दप्तरांची भूमि जाण्याचा प्रसंग आला.

मुळशी सत्याग्रहाची हकीकत पुणेंकरांस सामान्यतः परिचित आहे. विनायकराव भुस्कुटे यांनीं स्वतः त्यांत भाग घेऊन पुढें त्याचा वृत्तांत लिहिला. राजेंद्र व्होरा यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ २००९ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां ती हकीकत पुन्हा विस्तारानें सांगण्याचा येथें हेतु नाहीं. ज्या जमिनीवर हा कलह झाला, तिचा हक्क कोणाच्या कागदावर कसा लिहिलेला होता, आणि त्या लिहिण्याचा कलहाच्या निकालाशीं काय संबंध होता, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे. मुळशीचा निकाल बांधाच्या दगडचुन्यापेक्षां रोख्याखतांनीं अधिक ठरविला, आणि ते रोखे आज आपल्या डोळ्यांदेखत नाहींसे होत आहेत, असें आमचें म्हणणें आहे.

२. प्रथम पाण्याच्या शक्तीविषयीं. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या अंगीं काम करण्याची शक्ति असते, हें जात्यास पाणी लावणारांस फार प्राचीन काळापासून ठाऊक होतें. उताराचें महत्त्व पुण्यासहि नवीन नव्हतें. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रज येथें तलाव बांधवून नळानें पाणी शहरांतील हौदांपर्यंत आणलें, तें केवळ जमिनीच्या उतारावर. परंतु त्या पाण्याचा उपयोग पिण्यापुरता व कारंज्यापुरता होता. पाण्याच्या पडण्यापासून वीज उत्पन्न करून ती तारेनें दूरवर नेण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. अमेरिकेंत नायगारा येथील मोठें विद्युत्‌गृह १८९५ सालीं चालूं झालें. हिंदुस्थानांत दार्जिलिंग येथें १८९७ सालीं लहान प्रमाणावर, व म्हैसूर संस्थानांत कावेरीवर शिवसमुद्रम् येथें १९०२ सालीं मोठ्या प्रमाणावर ही विद्या आली. शिवसमुद्रम् येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींस जात असे.

सह्याद्रीची रचना या विद्येस विलक्षण अनुकूल आहे. लोणावळ्यास वर्षास दीडशे इंचांच्या वर पाऊस पडतो. तो बहुतेक सर्व चार महिन्यांत. हें पाणी इंद्रायणी, आंद्रा, मुळा या नद्यांवाटे पूर्वेस भीमेकडे व तेथून कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जातें. परंतु जेथें या नद्या उगम पावतात, तेथून पश्चिमेस कांहीं मैलांच्या आंत कोंकणचा तळ दीड-पावणेदोन हजार फूट खालीं आहे. म्हणजे नदीस बांध घालून, घाटांतून बोगदा पाडून, पाणी उलट दिशेनें सोडलें तर नायगाऱ्याच्या कितीतरी पट उंचीची धार मिळते. पाणी थोडें असलें तरी उंचीनें ती उणीव भरून निघते. आणि पाऊस चारच महिने पडत असल्यामुळें उरलेल्या आठ महिन्यांसाठीं सांठा करणें अवश्य होतें. सह्याद्रींत जलविद्युत् म्हणजे प्रथम विस्तीर्ण तलाव, व तलाव म्हणजे नदीकांठची सपाट भातजमीन पाण्याखालीं, हा संबंध येथल्या निसर्गानेंच घालून दिलेला आहे.

मुंबईच्या गिरण्यांस दूरच्या बंगालकडून आणलेल्या कोळशाऐवजीं घाटाच्या पाण्यावर चालवावें, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईच्या शिल्पशास्त्रज्ञानें जमशेटजी टाटा यांच्यापुढें मांडली. जमशेटजी १९०४ सालीं वारले. काम त्यांच्या पुत्रांनीं देशी भांडवलावर उभें केलें. लोणावळें, वळवण व शिरोता येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचें विद्युत्‌गृह १९१५ सालीं चालूं झालें. आंद्रा नदीवर ठोकरवाडीस बांध घालून भिवपुरीचें विद्युत्‌गृह १९२२ सालीं निघालें. तिसरी योजना मुळशीची. तिच्यासाठीं १९१९ सालीं टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली, व कोंकणांत भिरा येथील विद्युत्‌गृह १९२७ सालीं चालूं झालें.

३. मुळशी हें गांव पुण्याच्या पश्चिमेस सुमारे बारा कोसांवर, निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ. शिवकालीन विभागणीप्रमाणें हा मुलूख पौड खोरें व त्याच्या पश्चिमेचें कोरबारसें यांच्या टापूंत मोडतो. कोरीगड व घनगड हे या भागाचे पहारेकरी. इंग्रजी अमलांत मुळशी हा हवेली तालुक्याचा पेटा होता व त्याची कचेरी पौडास असे. नदीकांठच्या खाचरांत आंबेमोहर भात उत्तम पिके, वरकस जमिनींत नाचणी व वरी. डोंगर उघडा, खाचर मोलाचें. एका कुटुंबाची सारी मिळकत दोन-चार खाचरांत सांठलेली असावयाची, आणि तीं खाचरें नेमकीं तलावाच्या पोटांत.

या तलावानें किती गांवें गेलीं, याविषयीं लिखाणांत एकवाक्यता नाहीं. बहुधा बावन्न हा आंकडा येतो. कोठें चौपन्नहि आढळतो. हा केवळ लेखकांचा हलगर्जीपणा समजूं नये. मावळांत मूळ गांव, त्याच्या वाड्या, खुर्द व बुद्रुक यांची गणना महसुलाच्या दप्तरांत एक, लोकांच्या बोलण्यांत दुसरी, आणि संपादनाच्या जाहिरनाम्यांत तिसरी असा भेद नेहमींच असतो. शिवाय कांहीं गांवांची गांवठाणें बुडालीं, तर कांहींचीं फक्त शेतें. एखाद्या गांवाचें घर शिल्लक राहून खाचर गेलें तर तें गांव बुडालें म्हणावयाचें कीं नाहीं? ज्या यादीनें गांवठाण मोजलें ती एक आंकडा देईल. जिनें पोट भरण्याचें साधन मोजलें ती दुसरा देईल.

४. आतां जमिनीच्या हक्काचा विचार. मराठी अमदानींत पुणें प्रांतीं शेतकऱ्यांचे मुख्य वर्ग दोन, मिरासदार व उपरी. मिरासदारास थळकरीहि म्हणत. त्याचें थळ वंशपरंपरेचें, तो गांवच्या गोताचा घटक, व सारा भरीपर्यंत त्यास जमिनीवरून काढतां येत नसे. मिरासदार परागंदा झाला तरी त्याच्या वंशजानें परत येऊन मिरास मागितल्याचे वाद जुन्या निवाडपत्रांत पुष्कळ आढळतात. पेशवाई बुडतांच डॉ. टॉमस कोट्स यानें पुण्याजवळील लोणी गांवाची जी हकीकत लिहिली, तींत थळकऱ्यांचें हें स्थान स्पष्ट दिसतें. त्याबरोबरच गांवांतील बहुतेक कुटुंबें सावकाराच्या ऋणांत असल्याचेंहि त्यानें नमूद केलें आहे. तेव्हां कर्ज हें इंग्रजी अमलाचें अपत्य नव्हे. नवीन गोष्ट झाली ती ही कीं, पूर्वीं सावकारास पीक धरतां येई, जमीन सहसा घेतां येत नसे.

१८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीनें इंदापुरापासून रयतवारीची नवी घडी बसली. मिरास व उपरी हा भेद पुसट होऊन प्रत्येक मोजलेल्या क्षेत्रास एक खातेदार ठरला. त्याचें खातें विकतां, गहाण टाकतां व दिवाणी हुकुमानें जप्त करवितां येऊं लागलें. गोताच्या साक्षीनें उभा असलेला हक्क सरकारी मुद्रांकाच्या कागदावर आला, आणि जो कागद लिहून घेई त्याच्याकडे तो चालत जाऊं लागला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें जो दंगा झाला, त्यांत रयतेनें सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, हें मोठें अर्थपूर्ण आहे. कोणत्या शस्त्रानें आपला घात होतो हें त्या निरक्षर लोकांनीं अचूक ओळखिलें होतें. १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें कांहीं आळा बसला. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं मुळशी पेट्यांतील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या खातीं किंवा गहाणांत पडलेली होती, व पूर्वींचा मिरासदार आपल्याच बापाच्या खाचरांत खंड देणारें कूळ होऊन राहिला होता.

५. अशा स्थितींत १८९४ चा भूसंपादनाचा कायदा या खोऱ्यास लागूं झाला. या कायद्यांत कंपन्यांसाठीं जमीन घेण्याचें स्वतंत्र प्रकरण होतें; कंपनीनें सरकारशीं करार केला व काम लोकोपयोगी आहे असें सरकारचें समाधान झालें, म्हणजे सरकार आपल्या अधिकारानें जमीन घेऊन कंपनीस देत असे. किंमत कलेक्टर ठरवीत असे, व सक्तीनें घेतल्याबद्दल त्या काळीं बाजारभावावर शेंकडा १५ अधिक मिळत. कलेक्टरच्या या ठरावास मराठींत निवाडा म्हणतात. जुन्या कागदांच्या अभ्यासकास हा शब्द वाचून थबकल्यावांचून राहवत नाहीं. जुन्या निवाड्यांत गोत, पाटील, कुलकर्णी, बलुते यांच्या समक्ष वादी-प्रतिवादींचे करीने घेऊन जमीन कोणाची हें ठरत असे. नव्या निवाड्यांत जमीन जाणार हें आधींच ठरलेलें असतें, फक्त ती कितीची हा प्रश्न उरतो. शब्द तोच राहिला, विषय पालटला.

मोबदला कोणास मिळावयाचा? कायद्याच्या भाषेंत ज्याचा हितसंबंध असेल त्यास. खातेदाराचा हितसंबंध सातबाऱ्यापूर्वींच्या नोंदींतून दिसे. गहाणदाराचा रजिस्टर केलेल्या खतांतून दिसे. पण सालोसाल तोंडी बोलीवर कसणाऱ्या कुळाचा हितसंबंध कोणत्या कागदांतून दिसावा? त्याचा पुरावा म्हणजे बांधावर त्याच्या आजानें लावलेला आंबा, खाचराची ताल, गांवदेवाच्या उत्सवांतील त्याचा मान. यांपैकीं कोणत्याहि वस्तूस निवाड्याच्या कोष्टकांत स्वतंत्र रकाना नव्हता. ज्याच्याजवळ कागद होता त्याच्यापुढें निदान रक्कम होती; ज्याच्याजवळ केवळ माती होती त्याच्यापुढें तलाव होता.

६. इ. स. १९२० च्या सुमारास मुळशीस चाचणीच्या खोदाईस आरंभ झाला, तेव्हां खोऱ्यांत खळबळ उडाली. पुण्याचे पुढारी प्रथम बुचकळ्यांत पडले असल्यास नवल नाहीं. एका बाजूस देशी भांडवलाचा स्वदेशी उद्योग, दुसऱ्या बाजूस शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे वंशज. शेवटीं ‘केसरी’चें बळ व नरसिंह चिंतामण केळकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांचा पाठिंबा मावळ्यांस मिळाला. शके १८४३ च्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल १९२१ रोजीं, मावळ्यांनीं बायकामुलांसह कामाच्या जागीं जाऊन ठाण दिलें व काम थांबविलें. महात्मा गांधींनीं त्याच महिन्यांत ‘यंग इंडिया’ पत्रांत या विषयावर लिहून, कायद्यानें मिळालेल्या हक्कावर न विसंबतां लोकांशींच बोलून त्यांचें मन वळवावें, अशा आशयाचा सल्ला टाटांस दिला.

येथें एका शब्दाकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. जुन्या मराठींत धरणें म्हणजे सावकारानें किंवा तुंबलेल्या पगाराच्या शिपायानें देणेदाराच्या दारीं उपाशी बसणें. शिंद्यांच्या छावणींत राहिलेल्या ब्रौटननें हा प्रकार वर्णिला आहे. म्हणजे धरणें हें मुळांत येणेदाराचें शस्त्र. मुळशीस धरणावर धरणें धरलें तें देणेदार मावळ्यांनीं, आणि तें धरीत असतां त्यांचा स्वतःचा येणेदार कित्येक वेळां त्यांच्याच पक्षाच्या सभेंत बसलेला असे.

या विसंगतींतच चळवळीच्या दुबळेपणाचें बीज होतें. जमीन मुळींच देणार नाहीं, ही मावळ्यांची भूमिका. कुळाची ही भूमिका स्वाभाविक होती, कारण मोबदल्यांत त्याचा वांटा नसल्यासारखाच होता. सावकार-जमीनदाराचें हित निराळें; विरोधाच्या दडपणानें दर वाढला तर त्यास तो हवाच होता. काम थोडे महिने थांबलें, बोलणीं झालीं, व १९२१ च्या अखेरीस सत्याग्रहाचा दुसरा भाग सुरू झाला तेव्हां पुण्यांतील खातेदारांचा एक वर्ग मोबदल्याच्या वाटाघाटींकडे वळला होता. उरलेला लढा पांडुरंग महादेव बापट, भुस्कुटे, शंकरराव देव प्रभृतींनीं तुरुंगवास पत्करून चालविला. बापटांना ‘सेनापति’ ही पदवी याच लढ्यानें मिळाली. १९२४ च्या अखेरीस बापटांनीं निवडक साथीदारांसह कामाची आगगाडी अडविली. त्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली व ते १९३१ सालीं सुटले. तोंपर्यंत तलाव भरून चार पावसाळे उलटले होते.

हा पराभव सरकारच्या बळानें झाला हें खरें. पण केवळ बळानें झाला असें म्हणणें अपुरें आहे. एकाच खाचरावर कसणारा एक व कागद धरणारा दुसरा असतां, तें खाचर वांचविण्यासाठीं दोघांनीं शेवटपर्यंत एकत्र राहावें ही अपेक्षाच दुर्घट होती. कंपनीच्या बाजूसहि न्याय दिला पाहिजे. धुराशिवाय व कोळशाशिवाय वीज मिळते, आणि पाऊस दर वर्षीं तलाव पुन्हा भरतो. खोपोली, भिवपुरी व भिरा मिळून आज ४४७ मेगावॅट शक्तीचीं यंत्रें आहेत. त्यांपैकीं भिरा येथील १५० मेगावॅटचें यंत्र वापरलेलें पाणी पुन्हा वर चढवून सांठवूं शकतें, व मुंबईची मागणी एकाएकी वाढली असतां तें फार उपयोगीं पडतें. शंभर वर्षें न आटलेला हा झरा आहे. परंतु त्या झऱ्याची पहिली किंमत कोणी भरली, हें जमाखर्चांत लिहिलें गेलें नाहीं, एवढाच इतिहासाचा आक्षेप.

पाण्याचा तंटाहि मिटलेला नाहीं. पूर्वेचें पाणी पश्चिमेस वळविण्याचा प्रश्न कृष्णा पाणी-तंटा लवादापुढें आला. त्याच्या १९७६ च्या अखेरच्या निर्णयानें टाटांच्या योजनांसाठीं भीमेच्या खोऱ्याबाहेर न्यावयाच्या पाण्यास एका वर्षांत ५४.५ अब्ज घनफूट व सलग पांच वर्षांत २१२ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. पुण्याची वस्ती वाढत चालली तसतशी, हें पाणी पूर्वेसच राहूं द्यावें, अशी मागणी वारंवार ऐकूं येते. ज्या शहराच्या सावकारांनीं शंभर वर्षांपूर्वीं या खोऱ्याचा मोबदला घेतला, तेंच शहर आज त्याच खोऱ्याचें पाणी मागत आहे.

७. आतां साधनांविषयीं. कंपनीची बाजू नकाशे, अहवाल व इंग्रजी पत्रव्यवहार यांत सुरक्षित आहे. सरकारची बाजू मोजणीचीं टिपणें, आकारबंद व निवाडे यांत आहे. चळवळीची बाजू वृत्तपत्रांत व भुस्कुट्यांच्या ग्रंथांत आहे. त्यापूर्वींच्या काळासाठीं पुण्याचें पेशवे दप्तर आहे; गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग छापले, पण ते बहुतांशीं राजकारणाचे; गांवोगांवचे हिशेब व झाडे अद्याप रुमालांतच आहेत. राहतां राहिली खोऱ्याची स्वतःची बाजू. ती पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांत, माळ्यांवरील ट्रंकांत, मोडी अक्षरांत पडून आहे. सावकारी खतावण्या, गहाणखतें, खंडाच्या चिठ्ठ्या, वसुलाच्या पावत्या हे ते कागद होत.

आमच्या संग्राहकांची दृष्टि शिक्का व मुद्रा असलेल्या कागदांवर असते. विसाव्या शतकांतील मुद्रांकाचा कागद हातीं आला कीं तो बाजूस टाकण्याची चाल आहे. वाडा पाडतांना तर असे गठ्ठे रद्दींत जातात. ही चाल सोडावी अशी आमची विनंती आहे. मुळशी पेट्यांतील गांवाचा रोखा आढळल्यास निदान चार गोष्टी टिपून ठेवाव्या. पहिली, कागदाची मिती. व तिच्याबरोबर पाठीवर मुद्रांक विकणारानें लिहिलेली विक्रीची तारीख. या दोहोंत अंतर असेल तर कागद मागाहून लिहिला गेला काय, असा प्रश्न उभा राहतो. दुसरी, व्यवहार १९१९ पूर्वींचा कीं नंतरचा; कारण योजना ठाऊक झाल्यावर घेतलेलें खरेदीखत हें शेतीसाठीं कीं मोबदल्यासाठीं, याचा उलगडा त्यावरून होईल. तिसरी, कुळाचें नांव, आडनांव, व तें पूर्वींच्या मिरासदारांपैकीं आहे कीं काय. चौथी, चतुःसीमा. शेताच्या सीमेवर लिहिलेला ओढा, देऊळ, पायवाट, शेजाऱ्याचें खाचर हीं आज पाण्याखालीं आहेत. त्यांचा उल्लेख या कागदांतच उरला आहे. शेंदोनशें रोखे एकत्र आले तर चतुःसीमा एकमेकींस जोडून बुडालेल्या गांवाचा नकाशा पुन्हा मांडतां येईल.

८. १८७५ सालीं सुप्याच्या रयतेनें रोखे जाळले, कारण त्यांत तिचें दास्य लिहिलेलें होतें. मुळशीच्या वंशजांस तसल्याच रोख्यांचा आज उलट उपयोग आहे. आपला पणजा कोणत्या शेतांत उभा होता हें सांगणारा दुसरा लेखी साक्षीदार त्यांस क्वचितच मिळेल. १८९४ चा कायदाहि गेला. १ जानेवारी २०१४ पासून त्याच्या जागीं आलेल्या नव्या कायद्यांत कसणाऱ्या कुळाचा व उपजीविका गमावणाराचा विचार केलेला आहे. मुळशीस जो रकाना नव्हता तो शंभर वर्षांनीं कां होईना कोष्टकांत आला. पुण्यांत सेनापति बापटांच्या नांवाचा मोठा रस्ता आहे, व त्यावरून नित्य सहस्रावधि लोक जातात. ज्यांच्यासाठीं ते लढले त्यांच्या गांवांचीं नांवें मात्र आपल्या माळ्यांवर आहेत. तीं खालीं काढून, झटकून, वाचून, यादी करून ठेवणें एवढें काम संग्राहकांच्या हातांत आहे, आणि वाडे पडण्याचा वेग पाहतां तें लवकर केलें पाहिजे.